रेणूंची ओढ, नंतर उपमा

"आज या घरात ती पाल तरी राहील नाहीतर मी तरी," उल्काताई म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

बद्रीनाथ ओगले यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून ओट्यावरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. पट्टीमागून एक शेपटी बाहेर आली होती. शेपटीचं टोक तुटलेलं होतं, म्हणजे पाल नेहमीचीच होती.

"पडणार नाही ती," ओगलेसर म्हणाले. "तिच्या पायांवर इतके बारीक केस असतात की..."

"पडेल म्हणून मी म्हणतच नाहीये. आहे म्हणून म्हणतेय."

तेवढ्यात पाल चुकचुकली. उल्काताईंनी कोथिंबिरीच्या हातानंच ओट्यावर टकटक केलं आणि "कृष्ण कृष्ण" म्हटलं.

"अशास्त्रीय आहे हे," सर म्हणाले.

"असू दे. पाल तरी कुठे शास्त्र शिकलीय?"

ओगलेसरांनी सगळी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली होती. त्यांचं सर्वांत लाडकं प्रकरण म्हणजे रेणूंमधलं आकर्षण. पाण्याचा थेंब गोल का होतो, दोन ओल्या काचा एकमेकींना का सोडत नाहीत, भिंतीवर पाल का टिकते, हे सगळं त्यात येत असे. दुर्दैवानं परीक्षेत या प्रकरणावर येणारा प्रश्न ऐच्छिक असायचा. त्यामुळे सर फळ्यावर दोन रेणू काढून त्यांच्यामध्ये तुटक रेघ ओढायला लागले की मागचे बाक आपोआप रिकामे व्हायचे आणि पुढचे बाक झोपायचे. घरी उल्काताईंनाही त्यांनी लग्नानंतर अनेकदा हे प्रकरण सांगायला घेतलं होतं. दर वेळी दुसऱ्या वाक्याला दूध उतू गेलं होतं.

म्हणून आजचा रविवार महत्त्वाचा होता. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं संध्याकाळी सहा वाजता सरांचं व्याख्यान ठेवलं होतं. ते सहजासहजी मिळालं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष श्यामराव बेहेरे यांच्या मते सभासदांना गुडघेदुखी आणि मृत्युपत्र या दोनच विषयांत रस होता. सरांनी वर्षभर पाठपुरावा केल्यावर त्यांनी एक तारीख दिली आणि खबरदारी म्हणून उपमा जोडला. जिन्याजवळच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "व्याख्यान : रेणूंची ओढ. नंतर उपमा." उपमा हा शब्द जरा मोठाच आला होता. सरांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. कोणीतरी एकदा हे प्रकरण शेवटपर्यंत जागेपणी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुपारी जेवण झाल्यावर उल्काताई गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या आणि सर पालीकडे बघत बसले. बघता बघता त्यांच्या मनात एक विचार आला. पाल घराबाहेर तर काढायचीच आहे, मग ती थेट व्याख्यानालाच का नेऊ नये? काचेवर, स्टीलवर, चुन्याच्या भिंतीवर, सगळीकडे ती टिकते. फक्त एका ठिकाणी तिचं काही चालत नाही, आणि ते ठिकाण ओट्यावर पालथं घातलेलं होतं. उल्काताईंची नॉनस्टिक कढई.

ही कढई उल्काताईंना फार प्रिय होती. तिला लाकडी उलथण्याशिवाय काही लागू द्यायचं नाही, तारेची घासणी तिच्या आसपास ठेवायची नाही, असे घरात नियम होते. मागे उल्काताई साताऱ्याला बहिणीकडे गेल्या असताना सरांनी त्या कढईत पोहे केले होते आणि ते स्टीलच्या उलथण्यानं खरवडले होते. कडेला काही ओरखडे उमटले. तेव्हापासून सर भांडी लावताना ती बाजू भिंतीकडे करून ठेवत आणि त्याबद्दल बोलत नसत.

आणखी एका गोष्टीबद्दल ते बोलत नसत. त्यांना पालीची भीती वाटायची. पालीच्या पायांवर ते तासभर बोलू शकत, पण पाल हातभर अंतरावर आली की त्यांना दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवायचं. तरी आज त्यांनी धीर केला. स्टुलावर चढून एका हातात कढई धरली, दुसऱ्या हातातल्या झाडूनं पट्टीमागे हळूच टोचलं आणि डोळे मिटले. कढईत काहीतरी मऊ पडलं. सरांनी डोळे न उघडताच वर स्टीलचं ताट ठेवलं.

आतून थोडा वेळ सटपट सटपट आवाज आला, मग एकदम शांत झालं. सरांना अतिशय आनंद झाला. पाल कढईवरून घसरली, घसरली, आणि शेवटी वरच्या ताटाला जाऊन चिकटली, हे न बघताही त्यांना दिसत होतं. सगळं प्रकरणच त्या झाकणाखाली घडलं होतं. कढई त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि उल्काताईंना काही न सांगता ते माइक तपासायला हॉलवर गेले. तो माइक बेहेऱ्यांनी बुधवार पेठेत घासाघीस करून आणला होता आणि त्यातून बोलण्यापेक्षा शिट्टीच जास्त यायची.

शिट्टीचा बंदोबस्त करून सर परतले तेव्हा पाच वाजून गेले होते. कढई टेबलावर होती तिथेच होती. सरांनी श्वास रोखला, चिमट्यानं झाकणाची कड धरली, खुर्चीमागे उभं राहून हात लांब केला आणि झाकण उचललं.

आत गरम उपमा होता. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर होती.

"हे काय?" सर म्हणाले.

"उपमा," उल्काताई आतून म्हणाल्या. "चिमट्यानं का उघडताय? चावतो का तो?"

"आत उपमा कसा आला?"

"समोरच्या हेमाताईंनी कढई नेली होती. रवा भाजायला हवी म्हणून कालच सांगून ठेवलं होतं त्यांनी. मी गॅलरीत होते, म्हटलं आत आहे, घेऊन जा. आता परत करताना रिकामी कशी देणार, म्हणून चवीला उपमा घालून, वर स्वतःचं ताट झाकून दिला. चांगल्या आहेत बाई."

सर खुर्चीवर बसले. समोरच्या हेमा वानखडे म्हणजे आजच्या उपम्याच्या मानकरी. मूळच्या अमरावतीच्या, मुलाच्या आयटीतल्या नोकरीमुळे पुण्याला आलेल्या, आणि त्यांच्या हातच्या उपम्यासाठी मंडळातले लोक मृत्युपत्रावरचं व्याख्यानसुद्धा दोनदा ऐकत. आज तो उपमा पालीच्या कढईत झाला होता.

सांगावं, तर उपमा गेला. उपमा गेला की श्रोते गेले, आणि बेहेरे पुन्हा कधी तारीख देणार नाहीत. न सांगावं, तर सगळं ज्येष्ठ नागरिक मंडळ रात्रीपर्यंत दवाखान्यात. सरांना प्रामाणिकपणा हवा होता, पण जमल्यास उपम्यासकट हवा होता. आधी नीट चौकशी करू, असं ठरवून ते समोरच्या दारात गेले.

"या ना सर," हेमाताई म्हणाल्या. गॅसवर एक मोठं पातेलं वाफाळत होतं. "उपमा कसा झाला?"

"अजून खाल्ला नाही. हेमाताई, कढई नेलीत तेव्हा आत काही होतं का?"

"काय होतं?"

"नाही, काही नाही. सहज विचारलं."

"रिकामी तर होती. नव्हती का?"

"होती, होती. म्हणजे असायला हवी." सरांची नजर छताच्या कोपऱ्यांतून फिरत होती. तिथून ती ट्यूबलाइटवर गेली, मग फ्रिजच्या मागे.

"काय पाहून राहिले सर?"

"भिंती बघतोय. रंग छान आहे."

सरांनी मग वाकून सिलिंडरच्या मागचा रंग पाहिला. हेमाताईंचा चेहरा बदलला.

"सर, स्वयंपाक मी आंघोळ करून करते. ओटा दोनदा पुसला आहे. माझ्या हातचं खायचं नसेल तर तसं सांगा ना. असं कोपरे कोपरे काऊन तपासून राहिले?"

आता सरांना राहवेना. भल्या बाईचा अपमान करून वाचवावं इतकं व्याख्यान मोठं नव्हतं. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हेमाताई, त्या कढईत मी पाल ठेवली होती."

हेमाताईंच्या हातातला डाव पातेल्यात पडला आणि उपम्यात बुडाला. नेमक्या त्याच वेळी पातेलं हॉलवर न्यायला श्यामराव बेहेरे दोन सभासदांना घेऊन दारात आले होते. त्यांना फक्त पाल आणि कढई एवढंच ऐकू आलं, पण ते पुरेसं होतं.

पाच मिनिटांत बातमी जिन्यानं वर गेली आणि लिफ्टनं खाली आली. व्याख्यानासाठी तयार होऊन निघालेली मंडळी हॉलवर न जाता हेमाताईंच्या स्वयंपाकघरात जमली. हॉलमध्ये कधी नसते एवढी गर्दी झाली. तळमजल्यावरच्या मथुराबाई प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून झोपत असत. त्यासुद्धा काठी टेकत आल्या आणि ओट्याजवळची खुर्ची धरून बसल्या.

बेहेऱ्यांनी पळीनं उपमा उकरायला सुरुवात केली. "ही बघा शेपटी," ते म्हणाले.

"लाल मिरची आहे ती," हेमाताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"मग हा पाय?"

"कढीपत्ता आहे."

"ताई, रवा घालण्यापूर्वी तुम्ही कढईत बघितलं होतं का?"

"बहिणीचा फोन चालू होता ना. खांद्याला धरून बोलत होते. आणि कढई काळी, माझा चष्मा वाफेनं धुरकटलेला. पुसली असेल. नेहमी पुसते मी."

असेल या शब्दावर बेहेऱ्यांची पळी पातेल्यातच थांबली. बेहेरे सरांकडे वळले. "ओगले, मला एकच सांगा. शहाणा माणूस कढईत पाल कशाला ठेवेल?"

"कारण ती कढईला चिकटत नाही."

"आणि भिंतीला चिकटते ती?"

"तेच तर सांगणार होतो संध्याकाळी."

"आता सांगा," बेहेरे म्हणाले. "आत्ता."

सरांनी घसा साफ केला. फळा नव्हता, म्हणून त्यांनी फ्रिजचं दार घेतलं. पालीच्या पायाला गोंद नसतो, त्यांनी सांगितलं. केस असतात, आणि त्या केसांनाही पुढे आणखी बारीक फाटे असतात. त्यांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की भिंतीचे रेणू आणि पायाचे रेणू एकमेकांना ओढायला लागतात. एकेक ओढ अगदी क्षुल्लक. पण अशा असंख्य ओढी एकत्र झाल्या की पाल छताला उलटी टांगून राहते.

"मग पाऊल उचलते कशी?" मागून कोणीतरी विचारलं.

"बोट टोकाकडून वर वळवते. म्हणजे सगळ्या ओढी एकदम तोडाव्या लागत नाहीत, एकेक करून सुटतात. आपण चिकटपट्टी कडेनं सोलतो तशी."

"आणि कढईवर?"

"नॉनस्टिकचा जो लेप असतो, त्याचे रेणू कुणाशी फार सलगी करत नाहीत. अंडं म्हणा, डोसा म्हणा, पाल म्हणा."

"डोशाचं नाव नका घेऊ आता," एक जण म्हणाला. पण तो पुढे सरकला.

सर बोलत होते आणि लोक ऐकत होते. कोणी जांभई दिली नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. आपण आज उपमा खाणार की नाही, हे रेणूंवर अवलंबून आहे म्हटल्यावर प्रत्येकाला त्या रेणूंची काळजी वाटायला लागली होती. ताट आणि कढई म्हणून बेहेऱ्यांनी स्वतःचे दोन्ही तळहात एकावर एक धरले आणि सरांनी त्यांच्यामध्ये लाल मिरची धरून पाल कशी घसरली असेल ते दाखवलं. दारात गर्दीच्या मागे उल्काताई केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते सरांना कळलंही नाही.

"आधी सटपट आवाज आला," सर म्हणाले. "मग बंद झाला. याचा अर्थ तिला पकड मिळाली. कढईवर मिळणं शक्य नाही. म्हणजे ती ताटाला होती. हेमाताई, ते ताट तुम्ही इकडे आणलंत?"

"नाही ना. तुमच्याच टेबलावर ठेवलं."

"मग पाल इकडे आलीच नाही. ती ताटाबरोबर आमच्याच घरी राहिली."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पटत होतं, पण पहिला घास कोणी घ्यायचा हा प्रश्न होता. तेवढ्यात मथुराबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"पण काय हो मास्तर, कढईला ओरखडे असतील तर? माझी कढई ओरखडली तेव्हापासून अंडंसुद्धा चिकटतं."

इतक्या वर्षांत सरांना विद्यार्थ्यानं विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. तो आजच यायला नको होता. "तर मग," सर सावकाश म्हणाले, "तिथे थोडी पकड मिळू शकते."

"माझ्या कढईला एकसुद्धा ओरखडा नाही," मागून उल्काताईंचा आवाज आला.

सरांनी तोंड उघडलं. ते खरं सांगणारच होते. पण उल्काताई गर्दीतून पुढे आल्या होत्या आणि त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि एवढी चर्चा कशाला? हेमाताई गेल्यावर ताट मी उचललं. खाली पाल होती. मीच तिला गॅलरीतून बाहेर झटकली."

सरांनी तोंड मिटलं. उल्काताईंनी एक बशी घेतली, पातेल्यातला बुडालेला डाव शोधून काढला, उपमा वाढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत एक चमचा खाल्ला. "मीठ किंचित कमी आहे," त्या म्हणाल्या. "बाकी उत्तम."

मग कोणाला थांबवणं शक्य नव्हतं. मंडळींनी उभ्या उभ्याच उपमा खाल्ला. हेमाताईंनी डोळे पुसून सगळ्यांना पुन्हा वाढला. सरांनीही दोन बशा खाल्ल्या, कारण आता त्यांना खरोखरच भूक लागली होती. पातेलं रिकामं झाल्यावर त्यांनी खिशातून व्याख्यानाची टिपणं काढली आणि म्हणाले, "चला, आता हॉलवर जाऊ या."

"कशाला?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"व्याख्यानाला."

"अहो, सगळं सांगून झालं की तुमचं. आणि उपमाही संपला." बेहेऱ्यांनी हात धुतले आणि खिसे चाचपले. हॉलला कुलूप लावायचं राहिलं होतं.

सर घरी आले ते चेहरा पाडून. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी टिपणं समोर ठेवली. उल्काताई चवीच्या उपम्याची कढई रिकामी करून धुवायला घेत होत्या.

"वर्षभर थांबलो होतो," सर म्हणाले. "माइकची शिट्टीसुद्धा घालवली होती."

"पाऊण तास बोलत होतात तुम्ही," उल्काताई म्हणाल्या. "एक माणूस हलला नाही. मथुराबाई जाग्या होत्या. आणखी काय हवं?"

सरांनी जरा विचार केला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना हळूहळू बरं वाटायला लागलं. "पण तू पाल बघितलीस, हे मला आधी सांगायचं ना. एवढं सगळं झालंच नसतं."

"मी कुठे पाल बघितली?"

"ताटाखाली. गॅलरीतून झटकलीस ना?"

"ताट मी उचललं ते तसंच घासायला टाकलं. त्याच्याखाली कोण बघतंय?"

सर उठून उभे राहिले. "मग तिकडे सगळ्यांसमोर सांगितलंस ते?"

"काहीतरी सांगायला नको? त्या हेमाताई रडायच्या बेतात होत्या, लोक तुमच्याकडे बघत होते."

"आणि उपमा खाल्लास? पाल कुठे आहे हे माहीत नसताना?"

"तुम्हीच म्हणालात ना, पाल कढईत राहणं शक्यच नाही म्हणून." उल्काताईंनी नळ सुरू केला. "आज पहिल्यांदाच तुमचं सगळं ऐकलं मी. पटलं मला."

ओगलेसरांनी टिपणं घडी करून खिशात ठेवली. आयुष्यभर शिकवलेल्या प्रकरणावर विश्वास ठेवून कोणी खोटी साक्ष दिली होती आणि वर बशीभर उपमा खाल्ला होता. इतकं त्यांना कधी कोणी दिलं नव्हतं. अशा बाईपासून आता काही लपवणं त्यांना जमेना.

"उल्का," ते म्हणाले, "कढईला ओरखडे आहेत."

नळ बंद झाला.

"कडेला. भिंतीकडच्या बाजूला. तू साताऱ्याला गेली होतीस तेव्हा मी पोहे केले होते."

उल्काताईंनी कढईकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. हेमाताईंचा वाफेनं धुरकटलेला चष्मा, ती काळी कढई आणि ती लाल मिरची दोघांच्याही डोळ्यांसमोर येत असावी. सरांना पोटात बारीकसं काहीतरी हलल्यासारखं वाटलं.

आणि तेव्हा ट्यूबलाइटच्या पट्टीमागून आवाज आला. चुक् चुक् चुक्. पाठोपाठ टोक तुटलेली एक शेपटी बाहेर आली आणि भिंतीवर स्थिर झाली.

ओगलेसर मटकन खाली बसले. त्यांनी टेबलावर बोटांनी टकटक केलं आणि मनापासून म्हणाले, "कृष्ण कृष्ण."

"अशास्त्रीय आहे हे," उल्काताई म्हणाल्या आणि कढई उजेडात धरून ओरखडे मोजू लागल्या.